दोस्तीचे मसुदे लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

जगभरातल्या परराष्ट्र मंत्रालयांत करार आणि संयुक्त निवेदनं लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांनो,

नमस्कार.

हे पत्र पंतप्रधानांना किंवा राष्ट्राध्यक्षांना लिहायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. पण ते सही करतात, गळाभेट घेतात आणि विमानात बसतात. दोन देशांच्या जवळिकीतलं जे मागे उरतं, ते तुम्ही रात्री जागून लिहिलेल्या कागदांत उरतं. त्यावर तुमचं नाव नसतं, म्हणून तुम्हाला कुणी जाबही विचारत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. दोन देश एकमेकांच्या नेहमीपेक्षा फार जवळ येतात तेव्हा त्या नात्याचा कस एकाच ठिकाणी लागतो: धाकट्याने थोरल्याला 'नाही' म्हटलं तर पुढे काय? तुमच्या निवेदनांत मैत्री पर्वताहून उंच असते, सागराहून खोल असते, पण या प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं. असलंच तर ते सोबतच्या एखाद्या गुप्त पत्रात असतं, आणि ते पत्र पुढची कित्येक वर्षं कुलपात राहतं.

5 मार्च 1946 हा दिवस घ्या. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, फुल्टन नावाच्या लहानशा गावात विन्स्टन चर्चिल भाषणाला उभे राहिले. तेव्हा ते पंतप्रधान नव्हते. निवडणूक हरून विरोधी बाकावर बसले होते. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातल्या 'खास नात्या'चा गाजलेला उच्चार त्यांनी तिथे केला. तेव्हापासून लंडनमध्ये नवा पंतप्रधान आला काय आणि वॉशिंग्टनमध्ये नवा राष्ट्राध्यक्ष आला काय, तेच दोन शब्द पुन्हा निघतात. त्याच 5 मार्चला दोन्ही देशांच्या लष्करी अधिकाऱ्यांनी एका करारावर सह्या केल्या. इतर देशांचे संदेश चोरून ऐकायचे, त्यांच्या सांकेतिक लिप्या फोडायच्या आणि हाती लागेल ते एकमेकांना द्यायचं, असा तो करार. पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड त्यात आले आणि आज ज्याला 'फाइव्ह आइज' म्हणतात ते जाळं उभं राहिलं. भाषण लगेच जगभर छापून आलं. कराराचा मजकूर लोकांना वाचायला मिळाला 2010 साली.

खरी जवळीक कुठल्या कागदात होती, हे तुम्हाला सांगायला नको.

गुप्ततेमुळे नातं सुरक्षित राहतं, असं तुमच्या खात्यात नव्याने आलेल्याला शिकवत असतील. तसं असेल तर एका हरवलेल्या टिपणाची हकिकत त्याला जरूर सांगा. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबचं काम ब्रिटन आणि अमेरिका मिळून करत होते. ऑगस्ट 1943 मध्ये क्वेबेकला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट आणि चर्चिल यांचा गुप्त करार झाला. सप्टेंबर 1944 मध्ये हाइड पार्क इथे, रूझवेल्ट यांच्या घरी, दोघांनी आणखी एक टिपण केलं: युद्ध संपल्यावरही या विषयात पूर्ण सहकार्य चालू राहील. एप्रिल 1945 मध्ये रूझवेल्ट गेले. ब्रिटिशांनी टिपणाची आठवण करून दिली, तर अमेरिकनांना आपली प्रत सापडेना. ती राष्ट्राध्यक्षांच्या नौदल सहायकाच्या कागदांत जाऊन पडली होती. विषय म्हणून 'ट्यूब अलॉइज' असं लिहिलेलं होतं. ते अणुप्रकल्पाचं टोपणनाव. पण फायली लावणाऱ्याला ते जहाजाच्या नळ्याबिळ्यांचं काहीतरी वाटलं असावं. ऑगस्ट 1946 मध्ये अमेरिकी काँग्रेसने मॅकमहॉन कायदा केला आणि अणुविषयक माहिती परक्या देशांना देणं बंद केलं. परक्यांत ब्रिटनही आला. कायदा करणाऱ्यांना ब्रिटनला असा काही शब्द दिला गेलाय याची कल्पनाच नव्हती.

ब्रिटनने मग स्वतःच्या बळावर बाँब केला आणि 1952 मध्ये त्याची चाचणी घेतली. तुटलेलं सहकार्य पुन्हा जुळलं ते जुलै 1958 च्या करारामुळे, आणि तो करार संसदेपुढे ठेवलेला होता. त्यातल्या महत्त्वाच्या कलमांना मुदत होती. ती संपत आली की पुन्हा बसायचं, पुन्हा सह्या करायच्या. 2024 मध्ये ही मुदतच काढून टाकली. मला ते पटलेलं नाही. दर दहा वर्षांनी एकदा तरी संसदेला 'हे नातं कशासाठी?' असं विचारायची संधी मिळत होती, तीही गेली.

आता ज्यांना कुणी विचारलंच नाही त्यांच्याबद्दल. दोघांच्या जवळिकीचं बिल अनेकदा तिसऱ्याच्या नावावर फाटतं, आणि ते फाडताना लेखणी तुमच्यासारख्यांच्या हातात असते. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांचे कागद या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत.

1965 मध्ये, मॉरिशसच्या स्वातंत्र्याची बोलणी चालू असताना, ब्रिटनने ही बेटं मॉरिशसपासून कापून काढली आणि त्यांची वेगळी वसाहत केली. मॉरिशसला 30 लाख पौंड दिले. 30 डिसेंबर 1966 रोजी ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात पत्रांची देवाणघेवाण झाली आणि बेटं संरक्षणाच्या कामासाठी पन्नास वर्षं वापरायला मिळाली. दिसायला भाडं शून्य. आतून असं ठरलं होतं की ब्रिटन अमेरिकेकडून पोलारिस क्षेपणास्त्रं घेत होता, त्यांच्या संशोधनखर्चापोटी द्यायच्या रकमेतले 1 कोटी 40 लाख डॉलर अमेरिका सोडून देईल. लंडनच्या संसदेला हे सांगितलं नाही, वॉशिंग्टनच्या काँग्रेसलाही नाही. अळीमिळी गुपचिळी.

राहिली बेटांवरची माणसं. त्यांच्या पिढ्या तिथल्या नारळाच्या मळ्यांवर राबल्या होत्या. लंडनमधले अधिकारी टिपणांतून एकमेकांना लिहीत होते की बेटांवर कायमचे रहिवासी नाहीतच असं दाखवायचं, आहेत त्यांना कंत्राटी मजूर म्हणायचं. एका टिपणात या माणसांची टारझन आणि (रॉबिन्सन क्रूसोचा नोकर) फ्रायडे म्हणून चेष्टा केलेली आहे. ते लिहिणारा माणूस राक्षस नव्हता. वरिष्ठांना आवडेल अशी खुसखुशीत ओळ लिहिणारा चांगल्या हुद्द्यावरचा कारकून होता. सुरुवातीला, कामानिमित्त किंवा औषधोपचारासाठी मॉरिशसला गेलेल्या बेटकऱ्यांना परतीच्या जहाजात घेणं बंद झालं. मग बेटांवर येणारा मालाचा पुरवठा कमी होत गेला. जिथे तळ व्हायचा होता त्या दिएगो गार्सिया बेटावर लोकांची पाळीव कुत्री गोळा करून विषारी धुराने मारली. 1973 पर्यंत सगळी वस्ती हलवली, दीड-दोन हजार माणसं, आणि त्यांना मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर नेऊन सोडलं.

25 फेब्रुवारी 2019 रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की बेटं तोडणं बेकायदेशीर होतं आणि ब्रिटनने तिथला कारभार लवकरात लवकर आवरावा. मे 2025 मध्ये ब्रिटन आणि मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या: बेटं मॉरिशसची, पण दिएगो गार्सियाचा तळ 99 वर्षं चालू. आणि जिथून माणसं हाकलली त्या दिएगो गार्सियावर पुन्हा वस्ती करायची मुभा या नव्या करारातही नाही. साठ वर्षांनी पुन्हा मसुदा लिहिला, आणि पुन्हा बेटकऱ्यांना बोलण्यांत खुर्ची नव्हती.

तुम्ही म्हणाल, हे वसाहतकाळाचं शेपूट आहे, आताचं बोला. बोलतो, पण आधी जुन्यातलं एक राहिलंय. जगातली सगळ्यात जुनी, अजूनही कागदावर चालू असलेली मैत्री इंग्लंड आणि पोर्तुगाल यांची. 1373 चा करार, 1386 मध्ये विंडसरला तो आणखी पक्का केला. सहाशे पन्नास वर्षं टिकली म्हणून तिचे सोहळे होतात. ती कशी टिकली ते मात्र सोहळ्यात सांगत नाहीत. 1588 मध्ये इंग्लंडवर चालून गेलेलं स्पॅनिश आरमार लिस्बनच्या बंदरातूनच निघालं होतं, कारण तेव्हा पोर्तुगाल स्पेनच्या राजाखाली होता. 1661 मध्ये पोर्तुगीज राजकन्या कॅथरीन इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला दिली, तेव्हा टँजियर आणि मुंबई आंदण गेली. 1890 मध्ये आफ्रिकेतल्या जमिनीवरून ब्रिटनने याच मित्राला निर्वाणीचा खलिता धाडला: अंगोला आणि मोझांबिक यांच्या मधल्या प्रदेशातून सैन्य मागे घ्या. पोर्तुगालने घेतलं. लिस्बनमधलं सरकार पडलं, आणि पोर्तुगालचं आजचं राष्ट्रगीत त्या संतापातून जन्माला आलं.

1943 मध्ये ब्रिटनला अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवर तळ हवा होता, तेव्हा चर्चिल यांनी संसदेत 1373 चा करार काढून दाखवला आणि तो चालला. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं, तेव्हा पोर्तुगालने तोच करार पुढे केला. ब्रिटनने हात वर केले: राष्ट्रकुलातल्या देशाविरुद्ध आम्हाला लढता येणार नाही. गोव्याच्या बाबतीत ब्रिटनने केलं ते योग्यच केलं असं माझं मत आहे. पण कराराचा अर्थ दर वेळी कुणी ठरवला ते पाहा. सोयीचा असेल तेव्हा तो सहाशे वर्षांचा पवित्र शब्द, आणि गैरसोयीचा झाला की जुना कागद. बळी तो कान पिळी.

आता नकाराकडे येतो. दाबून ठेवलेला नकार आणि उघड दिलेला नकार यांत किती फरक पडतो, हे ब्रिटनच्याच दोन पंतप्रधानांत दिसतं. व्हिएतनाममध्ये निदान नावापुरती तरी तुकडी पाठवा, म्हणून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या मागे लागले होते. तेव्हा पौंड डळमळीत होता, त्याला अमेरिकेचा टेकू लागत होता. तरीही विल्सन यांनी सैनिक पाठवले नाहीत. जॉन्सन चिडले, कडवट बोलले, आणि नातं टिकलं. 28 जुलै 2002 रोजी टोनी ब्लेअर यांनी जॉर्ज बुश यांना इराकबद्दल टिपण पाठवलं. त्याची सुरुवातच अशी: काहीही होवो, मी तुमच्यासोबत असेन. मंत्रिमंडळातल्या सहकाऱ्यांशी त्यांनी यावर चर्चा केली नव्हती. ब्रिटिश मतदाराला हे वाक्य 2016 मध्ये चौकशी अहवालातून कळलं, युद्ध होऊन तेरा वर्षं उलटल्यावर. पुढच्या वाक्यांत अटी-शर्ती होत्या म्हणतात. असतीलही. पण पहिल्याच ओळीत सगळं देऊन टाकल्यावर अटींना कोण विचारतो?

ज्याने सरळ नाही म्हटलं आणि किंमत मोजली असा देश न्यूझीलंड. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिका यांचा 'अँझस' करार 1951 चा. त्यात कुणाच्या बंदरात कुठली जहाजं येतील याबद्दल चकार शब्द नाही. धोका आला तर सल्लामसलत करायची, आपापल्या घटनेप्रमाणे पाऊल उचलायचं, एवढंच. 1984 मध्ये डेव्हिड लाँगी यांचा मजूर पक्ष अण्वस्त्रमुक्त न्यूझीलंडचं वचन देऊन निवडून आला. 1985 च्या सुरुवातीला अमेरिकेची 'बुकॅनन' ही विनाशिका न्यूझीलंडच्या भेटीवर यायची होती. तिच्यावर अण्वस्त्रं आहेत की नाहीत हे अमेरिका सांगत नव्हती. आहेतही म्हणायचं नाही आणि नाहीतही, हे त्यांचं ठरलेलं धोरण. लाँगी म्हणाले, मग जहाज येणार नाही.

वॉशिंग्टनला वाटलं होतं की कुठेतरी मधली वाट निघेल. ती निघाली नाही. अमेरिकेने लष्करी सराव थांबवले, गुप्तवार्तेचा ओघ आटवला आणि 1986 मध्ये न्यूझीलंडच्या संरक्षणाची जबाबदारी स्थगित केल्याचं जाहीर केलं. 1987 मध्ये न्यूझीलंडने बंदीचा कायदाच केला. ऑस्ट्रेलियाची पंचाईत झाली: दोन्ही मित्र आपले, आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. पण आकाश कोसळलं नाही. फाइव्ह आइजमधलं न्यूझीलंडचं नाव गेलं नाही, व्यापार चालू राहिला, आणि नोव्हेंबर 2016 मध्ये 'सॅम्प्सन' ही अमेरिकी युद्धनौका न्यूझीलंडला आली. तीन दशकांहून जास्त काळाने आलेली पहिली. निमित्त न्यूझीलंडच्या नौदलाच्या पंचाहत्तरीचं होतं, पण ती वाटेत असतानाच कैकोउराला भूकंप झाला आणि जहाज मदतकार्याला वळलं. अण्वस्त्रबंदीचा कायदा तसाच होता. न्यूझीलंडच्या पंतप्रधानांनी स्वतःची खात्री करून परवानगी दिली होती. तीस वर्षांचा अबोला ज्यावरून झाला तो तिढा असा एका परवानगीवर सुटला. हे कलम 1951 मध्येच कुणीतरी लिहून ठेवलं असतं तर? मला ठाऊक आहे, तेव्हा कुणाच्या डोक्यातही नसेल. आता तर आहे ना?

याच्या उलट टोकाला पलाऊ. पॅसिफिकमधला वीसेक हजार वस्तीचा देश. त्याची राज्यघटना 1981 मध्ये अमलात आली आणि तिने अण्वस्त्रांना बंदी घातली. ती उठवायची तर तीन चतुर्थांश मतं लागणार होती. अमेरिकेशी जो 'मुक्त सहवासा'चा करार व्हायचा होता त्यात या बंदीची अडचण होती. म्हणून मतदान घेतलं. बहुमत मिळालं, पण तीन चतुर्थांश नाही. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. असं सुमारे दहा वर्षं चाललं. शेवटी घटनाच दुरुस्त करून साधं बहुमत पुरेल असं केलं, 1993 मध्ये करार मंजूर झाला आणि पुढच्या वर्षी अमलात आला. होकार मिळेपर्यंत प्रश्न विचारत राहण्याचा हा प्रकार लोकशाहीत बसतो का, याचं उत्तर तुम्हीच द्या.

पण या करारांची एक गोष्ट मान्य करायला हवी. पलाऊ, मार्शल बेटं आणि मायक्रोनेशिया यांचे अमेरिकेशी झालेले हे करार उघड आहेत. अमेरिका संरक्षण करणार आणि इतर देशांच्या सैन्याला तिथे येऊ देणार नाही. त्या बदल्यात पैसा आणि तिथल्या नागरिकांना व्हिसाशिवाय अमेरिकेत राहण्याची, काम करण्याची मुभा. बाहेर कसं पडायचं हेही लिहिलेलं आहे, आणि बाहेर पडल्यावरही संरक्षणाची कुठली बंधनं मागे राहतील तेही. सौदा कडक आहे, पण मतदाराला वाचता येतो. मार्शल बेटांवर अमेरिकेने 1946 ते 1958 दरम्यान 67 अणुचाचण्या केल्या. तो हिशेब अजून मिटलेला नाही आणि कराराने तो मिटतही नाही. तरी निदान वाद कुठल्या पानावर आहे ते सांगता येतं.

फट राहते ती दुसरीकडे. 1996 मध्ये अमेरिकेने आपल्या कल्याणयोजनांचे नियम बदलले आणि या तीन देशांतून आलेल्या, अमेरिकेत राबणाऱ्या, कर भरणाऱ्या माणसांचा मेडिकेड या सरकारी आरोग्ययोजनेतला हक्क गेला. करारातली ओळही बदलली नाही. थोरल्याने आपल्या घरचा कायदा बदलला, बस. तो हक्क परत मिळाला डिसेंबर 2020 मध्ये. मधली चोवीस वर्षं आजारी पडलेल्यांनी काय केलं असेल? ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचंही तेच. 1973 पासून दोघांचे नागरिक एकमेकांकडे मुक्तपणे राहू शकतात, पण त्यामागे रीतसर करार नाही, मंत्र्यांची निवेदनं आहेत. 2001 मध्ये ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडहून येणाऱ्यांचे सामाजिक सुरक्षेचे हक्क आखडले. 2014 नंतर, गुन्ह्यात शिक्षा झालेल्या परदेशी लोकांना हाकलण्याचा कायदा इतका कडक केला की लहानपणापासून ऑस्ट्रेलियात वाढलेल्या माणसांना ते न ओळखणाऱ्या 'मायदेशी' धाडलं जाऊ लागलं. फेब्रुवारी 2020 मध्ये सिडनीत न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांच्या शेजारी उभं राहून म्हणाल्या, तुमची माणसं आणि तुमच्या अडचणी आमच्याकडे पाठवू नका. पत्रकार परिषदेत, कॅमेऱ्यांसमोर. इतक्या जवळच्या शेजाऱ्यांत हे बोलायला दुसरी जागाच नव्हती, कारण तक्रार कुठे नोंदवायची हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

भारत आणि नेपाळ यांच्या 1950 च्या करारात बाहेर पडायची वाट आहे: एक वर्षाची नोटीस द्या आणि मोकळे व्हा. उघडी सीमा, एकमेकांकडे राहण्या-कमावण्याचे हक्क, हे सगळं त्यात. मग काठमांडूत तो का सलतो? सह्या करणारे एकीकडे पंतप्रधान आणि दुसरीकडे राजदूत, हे एक. ते पंतप्रधान राणा घराण्यातले, आणि काही महिन्यांतच त्या घराण्याची सत्ता कोसळली, हे दुसरं. आणि करारासोबत त्याच दिवशी दिली-घेतलेली पत्रं, जी 1959 पर्यंत लोकांना दाखवलीच नाहीत, हे तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. सुरक्षेची खरी बंधनं त्या पत्रांत होती. करार कितीही बरा असला तरी मागून पत्र निघालं की माणूस आयुष्यभर विचारत राहतो, अजून काय काय आहे? या सगळ्याचा फेरविचार करायला दोन्ही देशांनी 2016 मध्ये जाणकारांचा गट नेमला. गटाने 2018 मध्ये काम पुरं केलं, आणि मग त्याचा अहवाल रीतसर स्वीकारण्याचा मुहूर्त वर्षानुवर्षं निघालाच नाही.

भूतानच्या बाबतीत मात्र असाच जुना मसुदा सुधारला गेला. 1949 च्या करारात भूतानने परराष्ट्रव्यवहारात भारताच्या सल्ल्याने चालायचं, असं कलम होतं. 2007 मध्ये ते काढलं आणि दोघांनी एकमेकांच्या राष्ट्रीय हिताबाबत जवळून सहकार्य करायचं, आपली भूमी दुसऱ्याविरुद्ध वापरू द्यायची नाही, असं लिहिलं. बंधन दोन्ही बाजूंना. कागद बदलला म्हणून सवयी लगेच बदलत नाहीत. 2013 मध्ये भूतानची निवडणूक तोंडावर असताना तिथे जाणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसवरची आणि रॉकेलवरची सवलत भारताकडून बंद झाली, आणि लोकांनी त्याचा जो अर्थ काढायचा तो काढला. सवलत नंतर परत आली. पण 2007 चं कलम भूतानच्या हाती होतं, 1949 चं नव्हे, आणि असा प्रसंग उद्या पुन्हा आला तर बोलायला त्यांना पाय रोवायला जागा आहे.

इतकं वाचून तुम्हाला वाटेल, या माणसाला देशांची जवळीकच नको आहे. उलट आहे. तुमच्या हातून झालेली उत्तम कामं इतकी कंटाळवाणी असतात की त्यांची बातमी होत नाही, म्हणून ती मुद्दाम सांगतो. बाझल आणि मुलूझ या शहरांचा विमानतळ संपूर्ण फ्रान्सच्या जमिनीवर आहे, पण 1949 च्या करारानुसार तो फ्रान्स आणि स्वित्झर्लंड मिळून चालवतात. स्विस बाजूने येणाऱ्याला कुंपण घातलेल्या रस्त्याने थेट आत जाता येतं. पिरेनीज पर्वतात पुइगसेर्दाला 2014 पासून स्पेन आणि फ्रान्सचं सामाईक रुग्णालय आहे. इमारत स्पेनमध्ये, रुग्ण दोन्हीकडचे. आता बाळ तिथे जन्मलं आणि आईबाप फ्रेंच, तर नोंद कुठे करायची? फ्रान्सचा रुग्ण दगावला तर देह सीमेपार न्यायला कुठला कागद लागेल? कुणीतरी बसून या प्रश्नांची तड लावली असणार. त्या कुणाला माझा मनापासून सलाम. बर्लिनमध्ये पाच नॉर्डिक देशांचे दूतावास 1999 पासून एकाच आवारात आहेत, आणि 1962 च्या हेलसिंकी करारानुसार परदेशात आपला दूतावास नसेल तर त्यांचा नागरिक दुसऱ्या नॉर्डिक देशाच्या दारात जाऊ शकतो.

फ्रान्स-जर्मनीचा 22 जानेवारी 1963 चा एलिझे करार वाचला तर निराशा होते. अर्ध्याहून जास्त मजकूर कुणी कुणाला किती महिन्यांनी भेटायचं याचाच. आणि याच कराराने, माझ्या मते, इतर सगळ्या गळाभेटींपेक्षा जास्त काम केलं. शिखर बैठक वर्षातून किमान दोनदा, परराष्ट्रमंत्री दर तीन महिन्यांनी, भांडण असो वा नसो. त्यातून निघालेल्या युवा कार्यालयाने नव्वद लाखांहून जास्त तरुण पोरांना एकमेकांकडे राहायला पाठवलं. शिवाय जर्मन संसदेने मंजुरी देताना वर आपली प्रस्तावना चिकटवली, त्यात अमेरिकेशी आणि नाटोशी असलेलं नातं अबाधित असल्याचं बजावलं. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल नाराज झाले. करार मुलींसारखे आणि गुलाबांसारखे असतात, टिकतील तितके टिकतील, असं काहीसं बोलले. फूल काही कोमेजलं नाही. एका बाजूच्या संसदेने आपली मर्यादा उघडपणे लिहिली, आणि त्यानंतरही भेटी ठरल्याप्रमाणे चालूच राहिल्या.

म्हणून मागणं असं आहे. कुठल्या गोष्टीला नकार दिला तर तो नात्यावरचा घाव मानला जाणार नाही, हे नावानिशी लिहा: बंदर, तळ, सैनिक, संयुक्त राष्ट्रांतलं मत. थोरल्याने घरचा कायदा बदलला आणि त्याची झळ धाकट्याच्या माणसांना बसली तर किती दिवस आधी कळवायचं आणि तक्रार कुणापुढे न्यायची, हे लिहा. मुदत घाला, आणि ती संपेल तेव्हा संसदेत चर्चा होऊ द्या. गुप्तवार्तेचे तपशील, क्षेपणास्त्रांची मोजमापं झाकून ठेवा, त्याबद्दल तक्रार नाही. पण कुणी काय दिलं आणि बदल्यात काय घेतलं हे सांगणारं जोडपत्र करारासोबत त्याच दिवशी, दोन्ही देशांत, लोकांच्या भाषेत छापा. आणि ज्यांच्या जमिनीवर तळ होणार आहे त्यांना मसुदा सहीच्या आधी वाचायला द्या, सहीनंतर साठ वर्षांनी नव्हे.

एवढं झालं की गळाभेटीचे फोटो हवे तितके छापा.

आपला,
करार वाचणारा एक नागरिक